गेरूचे पट्टे

आमच्या भागात आता जंगलातून फटफट्यांच्या शर्यती भरवतात. दरवर्षी पाच-सहा पोरं नारळ आणि शाल घेऊन दारात उभी राहतात. म्हणतात, काका, या भागातल्या पहिल्या शर्यतीचे विजेते तुम्ही, उद्घाटनाला तुम्हीच पाहिजे. मी जातो. फुकटची शाल कोण सोडतं? तिथं पाहावं तर एकेकाच्या अंगावर पोपटी-नारिंगी कपडे, गुडघ्यांना वाट्या, कोपरांना वाट्या, छातीला ढाल. गाडीवर चिखलाचा शिंतोडा उडाला की धुवायला दोन माणसं हजर. लग्नातला नवरदेव बरा, तो निदान अर्धा दिवस उपाशी तरी असतो. मग एकजण माझ्या तोंडापुढं माईक धरतो आणि विचारतो, "नवीन पोरांनी सुरुवात कशी करावी?"

मी सांगतो, "आधी पडायला शिका." लगेच टाळ्या. त्यांना वाटतं म्हाताऱ्यानं काही गहन सांगितलं. अरे, मी खरोखरीचं पडणं सांगतोय! पडायची वेळ आली तर डावीकडं पडावं, कारण आमच्या गाडीचा सायलेन्सर उजवीकडं होता आणि उजवीकडं पडलं की पोटरीची कातडी त्याला चिकटून राहायची. माझ्या पोटरीवर अजून डाग आहे. पण एवढं ऐकायला कोण थांबतो, तोवर फोटोवाला पुढं सरकलेला असतो.

सुरुवात कशी केली ते विचारता ना, मग नीट ऐका.

चांदा जिल्हा, म्हणजे आताचं चंद्रपूर-गडचिरोली, तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. मी बावीस वर्षांचा, आरमोरीला एका लाकडाच्या ठेकेदाराच्या डेपोवर मिस्त्री होतो. दोन खटारा ट्रक होते, ते चालते ठेवायचे एवढंच माझं काम. ठेकेदारानं कामठीला लष्कराच्या लिलावात साखळदंड घेतले आणि त्या ढिगाबरोबर तीन मोडक्या फटफट्या गळ्यात पडल्या. त्यानं त्या डेपोमागं मोहाच्या झाडाखाली टाकून दिल्या. एकीच्या टाकीखाली कोंबडी अंडी घालायची. मी दर आठवडी बाजाराच्या सुट्टीला त्या ढिगाऱ्यात बसू लागलो. एकीचं इंजिन, दुसरीची चौकट, तिसरीची चाकं, असं करता करता दोन वर्षांत त्यातून एक फटफटी उभी केली. क्लचची तार ट्रकची, सीट चामोर्शीच्या एका मोच्याकडून शिवून घेतलेली, साखळीला मोहाच्या बियांचं तेल. पहिल्यांदा ती बोलली तेव्हा डेपोतले बैल दावी तोडून पळाले आणि ठेकेदार मला मारायला धावला. मला काही ऐकू येत नव्हतं. मी रडत होतो. साफ सांगतो, माझ्या बापाच्या मरणाला मी तेवढा रडलो नव्हतो.

ठेकेदाराच्या लगेच ध्यानात आलं की ही वस्तू कामाची आहे. कुपावर निरोप धाडायचा झाला की सायकलवाल्याला दिवस लागायचा, मी दुपारच्या जेवणाला परत यायचो. कूप म्हणजे जंगलाचा तो तुकडा, जिथं त्या साली कटाई ठरलेली असते. तर त्या कुपांच्या वाटांवर मी शिकलो. बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोरीत पुढचं चाक गेलं की भांडायचं नाही, ती नेईल तिकडं जायचं आणि जागा मिळाली की बाहेर निघायचं. वाळलेल्या सागाच्या पानांवर ब्रेक दाबायचा नाही. नदीच्या वाळूत टायरची हवा इतकी कमी करायची की अंगठा दाबला तर आत गेला पाहिजे. ट्यूब फाटली तर टायरमध्ये धानाचं तणस ठासून घरी यायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. दात पडला, मनगट मोडलं, त्यांनी शिकवलं.

गडचिरोलीत साहेब लोकांचा एक अड्डा होता. एक रेंजरसाहेब, एक डॉक्टर, दोन-तीन ठेकेदार, नागपूरला वकिलीत नापास होऊन आलेला एका मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, पोरगा, आणि रस्त्याच्या कामावर आलेला एक इंजिनीअर. हा इंजिनीअर विलायतेत राहून आलेला. तिथं म्हणे लोक डोंगरातून, चिखलातून फटफट्या पळवतात, आणि तेही हौसेनं. आम्ही पोटासाठी जे करत होतो ते तिकडं हौसेनं करतात हे ऐकून मला त्या विलायतेची कीवच आली. पण साहेबांना मोठी लहर आली. त्यांनी गाड्या मागवल्या, इंजिनीअर सेक्रेटरी झाला, आणि संध्याकाळी पोलिसांच्या मैदानावर पिंपांभोवती गोल गोल फिरणं सुरू झालं. घाण्याचा बैल तरी तेल काढतो. हे फिरून-फिरून घामाघूम व्हायचे, मग खुर्च्यांवर बसून सोडा प्यायचे आणि एकमेकांना "वा, काय वळवली!" म्हणायचे.

ठरलं असं, की फाल्गुनात आरमोरीपासून धानोऱ्यापर्यंत जंगलवाटेनं शर्यत करायची. सडकेनं नाही, गाडीवाटेनं, मधे कठाणी नदीची वाळू ओलांडून. माझ्या ठेकेदाराला अड्ड्यात मागं राहायचं नव्हतं, पण त्याचं शरीर असं की खुर्चीसुद्धा कुरकुरायची. म्हणून त्यानं माझं नाव दिलं. मालगुजाराचा पोरगा म्हणाला, मिस्त्री आमच्याबरोबर कसा पळणार? ठेकेदार म्हणाला, माझी गाडी पळते, वर कोणी का बसेना. त्या दिवशी डेपोवर येऊन त्यानं मला बोलावलं.

"पहिला आला तं फटफटी तुही. कागदावर लिहून देतो."

"आनि नाई आलो तं?"

"तं मालगुजाराच्या पोराले देऊन टाकतो. तो कवाचा मांगून राह्यला."

तो पोरगा गिअर बदलताना क्लच दाबत नसे. दोन महिन्यांत त्यानं तिचा भुगा केला असता. मला ती पाहिजे होती, बस्स. जमीन नको होती, घर नको होतं, आई रोज एखाद्या मुलीचं नाव घ्यायची तीही नको होती. मला ती फटफटी पाहिजे होती, आणि ती माझीच होती, मी तिला कोंबडीच्या खालून काढलं होतं. त्यासाठी काय वाटेल ते करायची माझी तयारी होती. तेव्हा हे नुसतं बोलणं होतं.

आता वाटेवर खुणा करायच्या होत्या, कारण जंगलात गाडीवाटेला दर मैलावर फाटे फुटतात आणि साहेबांना पूर्व कुठं नि पश्चिम कुठं ते सूर्य डोक्यावर आल्यावर कळत नसे. सेक्रेटरीनं मला बोलावून सांगितलं, "मिस्त्री, प्रत्येक फाट्यावर लाल कापडाची चिंधी बांधा." मी हसलो. म्हटलं, "साहेब, वानरं घेऊन जातील. वानरांनी नाही नेल्या तर गावातली माणसं नेतील. गेरू मारतो झाडाला, डेपोत पोतंभर पडलाय." सेक्रेटरीनं माझ्या पाठीवर थाप मारली. "व्हेरी गुड!" मला अस्मान ठेंगणं झालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणायची. खोटं नाही.

कारण गेरू म्हणजे काय हे त्या जंगलात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कुपात जे झाड तोडायचं त्याला नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, छातीच्या उंचीवर गेरूचा पट्टा मारायचा. त्यानंतर बुडाशी सरकारी हातोडीचा छाप उमटवायचा, आणि मगच कुऱ्हाड लावायची, असा कायदा. पण आमचा नाकेदार आळशी. सकाळी पट्टे मारून जायचा आणि हातोडी घेऊन त्याच्या सवडीनं, आठ-पंधरा दिवसांनी, उरलेल्या खुंटांवर छाप मारायचा. तोडणारे काय वाट पाहतात? पट्टा दिसला की झाड आडवं. पाच वर्षं मी हे रोज पाहत होतो. तरी मी गेरूचा डबा आणि केरसुणीचा कुंचला घेऊन निघालो आणि आरमोरीपासून फाट्या-फाट्यावर चांगले हातभर रुंद पट्टे ओढत गेलो. दीडशहाण्याला दिसतं सगळं, सुचत काही नाही.

पुढं एका फाट्यावर कटाईच्या टोळीचा म्होरक्या भेटला. गोंड म्हातारा, साठीच्या पुढचा, अंगानं काटक. तो जवळच्या जंगलगावात राहायचा. जंगलगाव म्हणजे खात्यानं वसवलेलं गाव. घर बांधा, धान पेरा, पण खातं बोलावेल तेव्हा कामाला या, आणि खातं म्हणेल तेव्हा चालते व्हा. म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं घालून त्या उतारावर बांध घातले होते, तळ्याचं पाणी वळवलं होतं. तो खांद्यावर कुऱ्हाड घेऊन माझ्याकडं पाहत उभा राहिला.

"काय करून राह्यला, भाऊ?"

आता सरळ सांगता आलं असतं, की बाबा, साहेब लोकांना फटफट्या पळवायच्या आहेत, ही वाट दाखवायची खूण आहे. एका वाक्याचं काम होतं. पण मी त्या दिवशी सेक्रेटरीची थाप पाठीवर घेऊन फिरत होतो.

"दिसत नाई का? सरकारी काम हाये."

म्हातारा समोरच्या झाडाकडं पाहू लागला. फाट्यावरचा जुना बिजा होता तो, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. त्याच्या सालीवरून गेरू अजून ओघळत होता.

"हा बी?"

"हा बी."

"लय मोठा हाये."

"मोठा असो का लहान. पट्टा मारला म्हन्जे मारला."

त्यानं मान हलवली आणि निघून गेला. मी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. मला मजा वाटत होती. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला साहेब समजलं होतं.

आठ दिवसांनी शर्यत. आरमोरीच्या बाजाराच्या मैदानावर मांडव, हारतुरे, खुर्च्या. सुरुवातीच्या रेघेवर आम्ही आठजण. डॉक्टरनं डोक्याला मफलर गुंडाळला होता आणि मफलरवर टोपी. मालगुजाराच्या पोराच्या पायात घोडेस्वारीचे बूट. एका ठेकेदाराच्या भावानं हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. सेक्रेटरीनं मोठ्यानं सांगितलं, गेरूच्या पट्ट्यांमागं चला, पट्टा दिसेल तिकडं वळा. रेंजरसाहेब पाहुणे होते, ते मान डोलवत होते. मग त्यांनी रुमाल हलवला आणि सात साहेब अशी धूळ उडवत सुटले की मला काही दिसेना. मी सावकाश निघालो. मला माहीत होतं, घाई कुठं संपते ते.

दुसऱ्या मैलावर एकजण चाकोरीशी भांडताना पळसाच्या झुडपात गेला. चौथ्यावर डॉक्टर मफलर सोडवत बसला होता, तो मागच्या चाकात गेला होता. "मिस्त्री, जरा बघ ना!" म्हणाला. मी हात हलवून पुढं गेलो. आठव्या मैलाच्या फाट्यावर दोघं साहेब थांबून वाद घालत होते. वाटेवर आडवा धावडा पडला होता, पुरता, फांद्यांसकट. त्याच्या पांढऱ्या बुंध्यावर माझा पट्टा होता.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. टोळीनं पट्टे पाहिले आणि तोडले. पुढचेही तोडले असणार, कारण ती माणसं कामाची चोख. आणि कळल्यावर मी काय केलं? मी हसलो. हेल्मेट वगैरे कुठलं तेव्हा, उघड्या तोंडानं खो-खो हसलो. मला वाटा पाठ होत्या, पट्टे असोत-नसोत. साहेबांना एका खुणेशिवाय दुसरं काही माहीत नव्हतं. मी गाडी नाल्यात उतरवली, पलीकडून वर काढली आणि निघालो. त्यानंतर एकेक फाट्यावर एकेक झाड आडवं. कुठं बांधावरून गेलो, कुठं फांद्यांतून घुसलो. तो मोठा बिजा वाटेवर असा पडला होता की त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी थांबलो. क्षणभर वाईट वाटलं, असं आता सांगितलं तर चांगलं दिसेल. नाही वाटलं. मनात एकच आलं, आता माझ्या मागं कोणी येत नाही.

कठाणीच्या वाळूत हवा सोडली, पलीकडं पंपानं परत भरली, आणि दुपारी धानोऱ्यात पोचलो. तिथल्या मांडवातले लोक अजून पुऱ्या तळत होते. माझ्यानंतरचा साहेब तीन तासांनी आला. मालगुजाराचा पोरगा खऱ्या कुपाच्या पट्ट्यांमागं लागून जंगलात फिरत राहिला आणि सायंकाळी कुठल्याशा गावात आंबील पीत बसलेला सापडला. बूट हातात होते. ठेकेदारानं मला हार घातला, मिठी मारली आणि सगळ्यांसमोर कागद लिहून दिला. मी त्या कागदाचा वास घेतला. असा माणूस होतो मी.

तिसऱ्या दिवशी धानोऱ्याच्या विश्रामगृहावर बोलावणं आलं. नाकेदार सवडीनं हातोडी घेऊन खुंट मोजायला गेला होता आणि त्याच्या यादीपेक्षा चौदा खुंट जास्त भरले. कुपाबाहेरची, वाटेवरची झाडं. त्याची पाचावर धारण बसली. छाप आधी मारायचा तो मागून मारतो हे बाहेर आलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून त्यानं तक्रार केली, की टोळीच्या म्होरक्यानं चोरून झाडं तोडली.

जायच्या आधी ठेकेदारानं मला सकाळी बाजूला घेतलं. "पाहाय, आपल्या डेपोतला गेरू, आपला मानूस. उद्या ठेका बंद होईन. तू चूप राह्य. फटफटी तुही हाये, ते तुहीच राहीन." एवढंच. धमकी नाही, आवाज नाही.

व्हरांड्यात रेंजरसाहेब टेबलामागं. बाजूला सेक्रेटरी, ठेकेदार, नाकेदार आणि मी. खाली अंगणात म्हातारा उकिडवा बसलेला, कुऱ्हाड नाकेदारानं आधीच काढून घेतलेली. रेंजरसाहेबांनी विचारलं, "पट्टे कोणाचे?" नाकेदार म्हणाला, माझे नाहीत. रेंजरसाहेबांनी सेक्रेटरीकडं पाहिलं. आता गंमत बघा. 'गेरूच्या पट्ट्यांमागं चला' हे त्या सेक्रेटरीनं भर मांडवात ओरडून सांगितलं होतं आणि हेच रेंजरसाहेब शेजारी मान डोलवत होते. पण सेक्रेटरी छताच्या वाशांकडं पाहत म्हणाला, "मी तर मिस्त्रीला लाल चिंध्या सांगितल्या होत्या." खरंच होतं ते. सांगितल्या होत्याच. मोठी माणसं खोटं बोलत नाहीत, खऱ्यातला सोईचा तुकडा मोडून देतात.

मग सगळे माझ्याकडं पाहू लागले. खालून म्हाताराही पाहू लागला. त्याच्या नजरेत राग नव्हता. आता हा माणूस सांगेल, मग आपण घरी जाऊ, असा तो निवांत बसला होता.

मी म्हणालो, "हो साहेब. चिंध्याच बांधल्या होत्या." आणि एवढ्यावर थांबलो नाही. कोणी विचारलं नव्हतं, तरी पुढं म्हणालो, "गावातल्यांनी नेल्या असतील."

रेंजरसाहेबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. ते म्हाताऱ्याकडं वळले. "तू काऊन तोडली झाडं?"

"पट्टा होता, साहेब. तोडलं."

"कोणी मारला पट्टा?"

म्हाताऱ्यानं वर व्हरांड्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं बोट केलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, हे मला आजही पक्कं माहीत आहे.

"ज्यानं मारला त्याले माहीत हाये," तो म्हणाला.

रेंजरसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. उलटून बोलतो म्हणून आणखी तापले. हुकूम झाला: जंगलगावातलं घर आणि शेत सोडायचं, पाऊस लागायच्या आत कुटुंबासकट निघायचं, परत त्या रेंजमध्ये पाय ठेवायचा नाही. म्हातारा उठला, हात जोडून "जोहार" म्हणाला आणि चालू लागला. आम्ही विश्रामगृहात चहा घेतला. सेक्रेटरीनं मला पहिल्यांदाच खुर्चीवर बसायला सांगितलं आणि मी बसलो. साहेबांना आयुष्यभर नावं ठेवली मी, पण त्या दिवशी त्यांच्या ओळीत बसवायला कोणाला माझ्यासाठी पाट मांडावा लागला नाही की आग्रह करावा लागला नाही.

फटफटीला मी काळा रंग दिला. टाकीवर पिवळी रेघ ओढली. लोक थांबून पाहायचे. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू? फक्त त्या जंगलगावाच्या बाजूची वाट मी टाळायचो. निरोप असला तर दुसरीकडून, चार मैलांचा फेरा घालून जायचो आणि पेट्रोल जास्त लागलं म्हणून ठेकेदाराच्या शिव्या खायचो.

वैशाखात एका सकाळी फेरा घालूनच चाललो होतो, तर समोर तेच. म्हातारा, त्याचा लेक, सून, डोक्यांवर गाडगी-मडकी, कावडीत धान्य. वाटेच्या कडेला त्याची बायको बसलेली, पाय पुढं पसरून. दोन्ही घोटे सुजून गोल झाले होते. मला गाडी वळवून पळावंसं वाटलं. म्हाताऱ्यानं हात केला. मला वाटलं, आता हा दगड उचलणार. उचलावा, असंही वाटलं.

"भाऊ, बुढीचे पाय सुजले. नदीपर्यंत नेऊन देशीन का? आमी येतो मांगून."

एवढंच म्हणाला तो. मी मान हलवली. सुनेनं आणि लेकानं म्हातारीला उचलून मागं बसवलं. बैलगाडीपलीकडं ती कशावर बसलेली नव्हती. तिनं माझा सदरा दोन्ही मुठींत असा धरला की गळपट्टी गळ्याला रुतली. मी कधी चालवली नव्हती इतकी जपून गाडी चालवली. चाकोरी टाळत, दगड टाळत, पानांवरून अलगद. शेवटी नदीचा उतार लागला. पेट्रोल वाचवायला मी तिथं नेहमी इंजिन बंद करायचो, तसं केलं. एकदम शांत झालं, नुसती चाकं वाजत होती. म्हातारीची मूठ सैल पडली.

"बाबू," ती मागून म्हणाली, "तुमी सारं जंगल फिरता. तो पट्टे मारनारा मानूस तुमाले कुठी भेटला का?"

"नाई बाई."

"बुढ्याले माहीत हाये तो कोन ते. मी रोज इचारतो. मले सांगत नाई." जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "म्हन्ते, त्याचं त्यानं सांगावं. आपून काऊन सांगाचं?"

गाडी वाळूशी येऊन थांबली. मी दोन्ही पाय टेकले आणि समोर पाहत म्हणालो, "उतरा बाई, नदी आली."